स्विश्तोव: डॅन्यूबकाठचे जुने गाव, मुक्काम करावा की उतरून पुढे जावे?

दूरवाट (धागाकर्ता)

डॅन्यूबवरून जाणाऱ्या प्रवासी बोटींच्या कार्यक्रमपत्रिकेत बल्गेरियातील स्विश्तोव या गावाचे नाव पुष्कळदा आढळते, पण ते केवळ धक्क्याचे नाव म्हणून. बोट सकाळी लागते, धक्क्यावर बसगाड्या तयार असतात आणि प्रवाशांना घेऊन त्या वेलिको तर्नोवो या मध्ययुगीन राजधानीकडे निघून जातात. गावात मागे राहतात ती फक्त गुडघे दुखणारी मंडळी. आम्ही उन्हाळ्याच्या अखेरीस उलट बाजूने, म्हणजे जमिनीकडून नदीकडे गेलो आणि स्विश्तोवलाच उतरलो. तर्नोवो सुंदर आहे यात वाद नाही. पण ज्या समाजाने आधी शाळा आणि वाचनालये काढली आणि नंतर राज्य मिळवले, त्याचा तो क्रम एका चढणीवर पायी फिरून पाहायचा असेल, तर मुक्कामाची जागा स्विश्तोव आहे, असे माझे मत आहे आणि त्यावर इथे चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

आधी गावाची ठेवण सांगतो. डॅन्यूबचा बल्गेरियाकडचा उजवा काठ उंच आणि मातीच्या कड्यांचा आहे, तर समोरचा रुमानियाचा काठ सपाट आणि झाडीने भरलेला आहे. संपूर्ण डॅन्यूब नदीचे सर्वांत दक्षिणेकडचे टोक स्विश्तोवजवळच येते. इथून पुढे ती पुन्हा उत्तरेकडे झुकू लागते. बंदर खाली, गाव वर, आणि या दोहोंना जोडणाऱ्या गल्ल्या इतक्या चढाच्या की दुपारच्या उन्हात त्या टाळाव्यात. वस्ती आता वीस-पंचवीस हजारांच्या घरात असून ती कमी होत चालली आहे. दिमितर त्सेनोव या दात्याच्या देणगीतून १९३६ साली उभी राहिलेली अर्थशास्त्राची अकादमी गावात आहे आणि तिच्या विद्यार्थ्यांमुळेच संध्याकाळी चौकातल्या बाकांवर तरुण चेहरे दिसतात. सुट्टीच्या दिवसांत ते नसतात तेव्हा गावाचे खरे वय कळते.

हे गाव एके काळी श्रीमंत होते. वलाकिया (आजच्या रुमानियाचा दक्षिण भाग), ब्राशोव आणि व्हिएन्ना यांच्याशी इथल्या व्यापाऱ्यांचे व्यवहार चालत आणि १८३० च्या दशकापासून ऑस्ट्रियन कंपनीच्या आगबोटी डॅन्यूबवर धावू लागल्यावर त्यांना आणखी बरकत आली. त्याहीपूर्वी, ४ ऑगस्ट १७९१ रोजी, ऑस्ट्रिया आणि ऑटोमन साम्राज्य यांच्यातील युद्ध संपवणारा तह याच गावात झाला. युरोपीय इतिहासात त्याला सिस्टोव्हाचा तह म्हणतात. १८१० मध्ये रशिया आणि तुर्कांच्या युद्धात गाव जळाले आणि पुन्हा बांधले गेले, त्यामुळे आज जे जुने दिसते ते बहुतांशी एकोणिसाव्या शतकातले आहे. मग १८६६ साली डॅन्यूबवरचे रुसे ते काळ्या समुद्रावरचे वार्ना हा लोहमार्ग सुरू झाला, व्यापार रुसेकडे वळला आणि स्विश्तोव जिथे होते तिथेच राहिले. प्रवाशाच्या दृष्टीने हे एका अर्थी बरेच झाले, कारण पाडून नवे बांधण्याइतका पैसाच गावात नंतर आला नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. कोणी मला विचारले की इथे एकच जागा पाहायची तर कोणती, तर मी आलेको कॉन्स्टँटिनोव यांच्या घराचे नाव घेईन. आलेको यांचा जन्म १८६३ साली इथल्या एका सधन व्यापाऱ्याच्या घरी झाला. ते कायदा शिकले, सोफियात न्यायाधीश आणि सरकारी वकील म्हणून काम केले, आणि राजकीय कारणांमुळे त्या पदांवरून दूर केले गेले. १८९३ साली ते शिकागोचे जागतिक प्रदर्शन पाहायला गेले आणि परत येऊन त्यांनी जे प्रवासवर्णन लिहिले ते बल्गेरियात आजही शाळांमधून वाचले जाते. त्यांनी निर्माण केलेले बाय गान्यो हे पात्र, म्हणजे गुलाबाच्या अत्तराच्या कुप्या घेऊन युरोपभर हिंडणारा चतुर, अघळपघळ आणि निलाजरा गावकरी, बल्गेरियन माणसाच्या तोंडी इतके रुळले आहे की आमच्या टॅक्सीचालकानेही आपल्या एका राजकारण्याचे वर्णन त्याच नावाने केले. १८९७ च्या मे महिन्यात पेश्तेराहून पाझार्जिककडे बग्गीतून परतताना आलेको यांच्यावर गोळी झाडली गेली. ती गोळी प्रत्यक्षात त्यांच्या शेजारी बसलेल्या मिहाईल ताकेव या राजकारण्यासाठी होती. आलेको त्या वेळी अवघे चौतीस वर्षांचे होते.

स्विश्तोवच्या घरात त्यांचे लाकूडसामान, कपडे आणि कागदपत्रे आहेत, आणि एका काचपात्रात त्यांचे हृदयही जपून ठेवलेले आहे. गोळीने पडलेले छिद्र त्यावर दिसते. ते पाहणे सर्वांना मानवेल असे नाही. माझ्या पत्नीने त्या खोलीत जाण्याचे टाळले आणि बाहेर द्राक्षवेलीच्या मांडवाखाली बसणे पसंत केले. मला मात्र ते भयंकर वाटले नाही. स्वतःला ‘भाग्यवान’ असे टोपणनाव घेणाऱ्या एका विनोदी लेखकाचे हृदय त्याच्या गावाने जतन करावे, यात काहीशी भाबडी पण खरी माया आहे. प्रवास करणाऱ्यांनी आणखी एका कारणासाठी हे घर पाहावे. १८९५ च्या ऑगस्टमध्ये आलेको यांनी वर्तमानपत्रातून आवाहन केले आणि सुमारे तीनशे माणसे त्यांच्यासोबत सोफियाजवळच्या व्हितोशा पर्वताच्या चेर्नी व्राख या शिखरावर चढली. बल्गेरियातल्या संघटित पर्यटनाची सुरुवात त्या दिवसापासून मानतात.

दुसरी जागा म्हणजे पवित्र त्रिमूर्तीचे चर्च, ‘स्वेता त्रोइत्सा’. ते १८६७ साली निकोला फिचेव म्हणजेच कोल्यो फिचेतो या गवंड्याने बांधले. यांत्रा नदीवरचा ब्याला येथील पूल आणि लोव्हेच येथील छप्पर असलेला पूल हेही त्याचेच. चर्चच्या छताची कड सरळ न जाता पाण्याच्या लाटेसारखी वर-खाली होत जाते, आणि दगडाला असे वळवणाऱ्या माणसाने कोणत्याही विद्यापीठात शिक्षण घेतले नव्हते. आतील प्रतिमा निकोलाय पावलोविच या स्विश्तोवच्याच चित्रकाराच्या आहेत. टेकडीवर ‘कालेतो’ नावाचे किल्ल्याचे अवशेष आहेत. तिथून नदी चांगली दिसते, याहून अधिक सांगण्यासारखे त्यात काही नाही.

तिसरी गोष्ट स्थळ नव्हे, तर घटना आहे. २७ जून १८७७ च्या रात्री रशियन सैन्याने समोरच्या झिम्निचा या गावाहून होड्यांमधून डॅन्यूब ओलांडली. जनरल द्रागोमिरोव यांची तुकडी आघाडीवर होती आणि ती गावाच्या पूर्वेकडील एका ओढ्याच्या मुखाशी उतरली. तुर्कांचे लक्ष इतरत्र वळवलेले असल्यामुळे दुपारपर्यंत उंचवटा रशियनांच्या हाती आला. त्या रशिया-तुर्क युद्धात ऑटोमन सत्तेतून मुक्त झालेले बल्गेरियाचे पहिले शहर हे स्विश्तोव. ती जागा आता स्मारक-उद्यान आहे. तिथे उभे राहिले की काठ किती उंच आहे आणि खालून वर येणाऱ्याला तो किती अवघड गेला असेल, हे नकाशाशिवाय समजते.

आणि जाता जाता एक निरीक्षण. गावातल्या दारांवर, झाडांवर, विजेच्या खांबांवर छायाचित्रांसह छापलेले कागद चिकटवलेले दिसतात. ती दिवंगतांची स्मरणपत्रे आहेत. मृत्यूनंतर चाळीस दिवसांनी, सहा महिन्यांनी, वर्षाने ती पुन्हा लावली जातात. बल्गेरियात ही प्रथा सर्वत्र आहे, पण तरुण निघून गेलेल्या नदीकाठच्या गावात त्यांची संख्या डोळ्यांत भरते. कुलूपबंद दारावर तीन-तीन कागद दिसले की त्या घराचा अलीकडचा इतिहास वेगळा विचारावा लागत नाही.

चौकस

लेख आवडला. दोन व्यावहारिक शंका आहेत. भारतीय पारपत्रावर बल्गेरियासाठी अजून वेगळा व्हिसा लागतो का? आणि सोफियाहून तिथे गाडी न चालवता पोहोचता येते का?

दूरवाट

बल्गेरिया आणि रुमानिया हे दोन्ही देश ३१ मार्च २०२४ पासून विमान आणि समुद्रमार्गे, तर १ जानेवारी २०२५ पासून जमिनीवरच्या सीमांसह शेंगेन क्षेत्रात, म्हणजे आपसांत सीमातपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटात, पूर्णपणे सामील झाले आहेत. त्यामुळे शेंगेन व्हिसा पुरेसा आहे, मात्र एक बाब ध्यानात ठेवावी. पूर्वी शेंगेनचे नव्वद दिवस संपत आले की काही जण बल्गेरियात जाऊन राहत, कारण तिथले दिवस त्यात मोजले जात नसत. आता ते मोजले जातात. दोन देशांमधील सीमेवर नियमित तपासणी राहिली नसली तरी अधूनमधून कागदपत्रे विचारली जाऊ शकतात, म्हणून पारपत्र खोलीवर ठेवून समोरच्या झिम्निचाला जाणाऱ्या फेरीबोटीत बसू नये.

सोफियाहून बस आहे आणि तिला साधारण चार तास लागतात. रेल्वेने जायचे तर सोफिया-वार्ना या मुख्य मार्गावर प्लेवेनच्या पुढे लेव्स्की हे जंक्शन लागते, तिथे गाडी बदलून स्विश्तोवच्या शाखामार्गावर जावे. ही दुसरी गाडी अतिशय संथ आहे, परंतु सूर्यफुलांच्या आणि मक्याच्या शेतांमधून जाते आणि तिच्यात बसलेले लोक एकमेकांना ओळखत असतात. सिरिलिक अक्षरे निघण्यापूर्वी शिकून घ्यावीत. फलाटावरच्या पाट्या त्याच लिपीत असतात आणि आपल्याला एवीतेवी बाराखडी घोकण्याची सवय आहे.

चलनाबाबत सांगायचे तर १ जानेवारी २०२६ पासून तिथे युरो चालतो. लेव्ह या आधीच्या चलनाचा दर एका युरोला १.९५५८३ असा कायमचा ठरवलेला आहे. गंमत म्हणजे शंभर लेव्हच्या नोटेवर आलेको यांचेच चित्र होते. कोणाकडे जुन्या सहलीतल्या नोटा शिल्लक असतील तर बल्गेरियाची मध्यवर्ती बँक त्या मुदतीशिवाय बदलून देते.

दप्तरखाना

धागाकर्त्यांनी वाचनालयांचा उल्लेख पहिल्या परिच्छेदात केला आणि पुढे तो विषय सोडून दिला, म्हणून त्यात भर घालतो, कारण माझ्या मते स्विश्तोवचे खरे महत्त्व तिथे आहे.

ऑटोमन राजवटीत बल्गेरियन ख्रिस्ती समाजाचे चर्च आणि उच्च शिक्षण ही दोन्ही ग्रीक भाषेच्या छायेत होती. स्विश्तोवमध्ये इमानुईल वास्किदोविच यांनी १८१५ साली ग्रीक आणि बल्गेरियन अशा दोन्ही भाषांत शिकवणारी शाळा सुरू केली. १८३१ पासून ख्रिस्ताकी पावलोविच यांनी गावात दुसरी शाळा चालवली. धाग्यात ज्यांचा उल्लेख आला त्या चित्रकाराचे ते वडील. त्यांनी बल्गेरियन भाषेतले पहिले अंकगणित १८३३ साली छापले, आणि पाइसी या संन्याशाने १७६२ साली लिहिलेला बल्गेरियन लोकांचा इतिहास, जो तोपर्यंत हाताने नकलून फिरत होता, तो १८४४ मध्ये बुडा (आजच्या बुडापेस्टचा भाग) येथे पहिल्यांदा छापून घेतला. म्हणजे ज्या पुस्तकाने बल्गेरियन माणसाला आपण कोण आहोत हे सांगितले, ते छापखान्यापर्यंत पोहोचवणारा शिक्षक स्विश्तोवचा होता.

या पार्श्वभूमीवर १८५६ साली गावात ‘चितालिश्ते’ स्थापन झाले. याला नुसते ग्रंथालय म्हणणे अपुरे आहे. वर्तमानपत्रे वाचणे, व्याख्याने, नाटके, प्रौढांचे वर्ग, गरीब विद्यार्थ्यांना मदत हे सर्व एकाच छपराखाली चाले आणि त्याचा खर्च वर्गणी व देणग्यांतून भागे. राज्य नसलेल्या समाजाने स्वतःसाठी उभारलेले ते शिक्षणखाते होते. आजही बल्गेरियातल्या लहानलहान खेड्यांत चितालिश्ते चालू आहेत आणि २०१७ साली युनेस्कोने अमूर्त वारसा जतन करण्याच्या उत्तम पद्धतींच्या यादीत त्यांचा समावेश केला. स्विश्तोवची संस्था एलेंका आणि किरिल अव्रामोव या दांपत्याच्या नावाने आजही कार्यरत आहे.

एक खुलासा मात्र आवश्यक आहे. ‘देशातले पहिले’ हा मान स्विश्तोव, लोम आणि शुमेन ही तिन्ही गावे सांगतात, कारण तिन्ही ठिकाणची संस्था १८५६ चीच आहे. लोम आणि शुमेन यांच्या बाजूने आणखी एक मुद्दा असा की बल्गेरियन भाषेतले पहिले नाट्यप्रयोग त्याच वर्षी तिथे झाले. स्विश्तोवकरांपुढे हा विषय काढला तर संध्याकाळ उत्तम जाते, असा माझा अनुभव आहे.

आपल्याकडे रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे आहे, हे इथल्या सदस्यांना ठाऊक असेलच. दोन्हीकडे बंदराचे गाव आणि लोकवर्गणीतली पुस्तके हे साम्य आहे. फरक हा की आपल्या वाचनालयांकडून पुढे क्वचितच कोणी क्रांतीची अपेक्षा केली, आणि तिथे वर्गणीदारांच्या यादीतलीच नावे पुढे क्रांतिसमित्यांमध्ये सापडतात.

बुरूज

चर्चा वाचनीय आहे, पण डॅन्यूबकाठच्या एकाच जुन्या गावासाठी वेळ असेल तर मी विदिन सुचवीन आणि त्यासाठी कारणे देतो.

विदिनचा ‘बाबा विदा’ हा किल्ला बल्गेरियातला सर्वांत सुस्थितीतला मध्ययुगीन किल्ला असून तो रोमन बोनोनियाच्या अवशेषांवर उभा आहे. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात इव्हान स्रात्सिमिर याने इथे स्वतंत्र राज्य केले. तर्नोवो १३९३ मध्ये ऑटोमन तुर्कांच्या हाती पडले, तरी विदिन १३९६ पर्यंत टिकले. खंदक, दुहेरी तट, पाण्यात पडलेली बुरुजांची सावली हे सगळे तिथे प्रत्यक्ष आहे, कल्पनेने भरून काढावे लागत नाही. त्याच गावात अठराव्या शतकाच्या अखेरीस उस्मान पाझ्वांतोग्लू याने सुलतानाविरुद्ध बंड करून आपली स्वतंत्र सत्ता चालवली. त्याच्या मशिदीच्या टोकावर चंद्रकोर नाही, तर उलट्या हृदयासारखे किंवा भाल्याच्या पात्यासारखे चिन्ह आहे, आणि शेजारी त्याने बांधलेले ग्रंथालय आहे. १८९४ चे सिनेगॉग अनेक दशके छताविना उभे होते. त्याचा जीर्णोद्धार होऊन २०२३ साली ते सांस्कृतिक केंद्र म्हणून खुले झाले आणि त्याला विदिनमध्ये जन्मलेला चित्रकार ज्यूल पास्कँ याचे नाव दिले गेले. सुमारे पन्नास किलोमीटरवर बेलोग्रादचिकचे तांबडे सुळके आहेत. एवढे सगळे सोडून एका काचपात्रासाठी स्विश्तोवला जावे, हे मला पटत नाही.

दूरवाट

@बुरूज, पाहण्याच्या वस्तूंची यादी हाच निकष असेल तर विदिन जिंकते, हे मान्य करण्यात मला संकोच नाही. परंतु विदिन देशाच्या वायव्य कोपऱ्यात आहे. सोफियाहून रेल्वेने पाच तास, आणि तिथून नदीकाठाने पूर्वेकडे जाणे वेळखाऊ आहे. ज्यांच्या प्रवासात तर्नोवो, प्लेवेन किंवा बुखारेस्ट आधीच आहे त्यांना स्विश्तोव वाटेवर पडते. शिवाय विदिनचा इतिहास सरदारांचा आहे आणि स्विश्तोवचा दुकानदार, शिक्षक व वर्गणीदारांचा. कोणाला काय आवडावे हा प्रकृतिधर्म आहे.

खमंग

खाण्यापिण्याविषयी अद्याप कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. डॅन्यूबकाठी मासे हा मुख्य विषय आहे. कार्प, सोम नावाचा मोठा मांजरमासा, आणि आंबटसर, तिखट ‘रिबेना चोर्बा’ हे सूप. मासेखाऊ माणसाला धक्क्याजवळच्या साध्या खानावळीत निराश व्हावे लागत नाही.

शाकाहारी मंडळींनी ‘पोस्नो’ हा शब्द लक्षात ठेवावा. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचे उपवास वर्षातून बरेच दिवस असतात आणि त्या दिवसांत मांस, अंडी, दूध काहीच चालत नाही, त्यामुळे खानावळीत पोस्नो पदार्थ विचारले की त्यांना नेमके समजते. भात भरलेल्या द्राक्षपानांच्या सार्मी, घेवड्याच्या पांढऱ्या बियांची बोब चोर्बा, भाजलेल्या मिरच्या असे पदार्थ मिळतात. बोब चोर्बा एरवी कधी मांसाच्या तुकड्यासह शिजवतात, म्हणून आधी विचारावे. दूध चालत असेल तर काळजीच नाही: काकडी, दही आणि अक्रोडाचे थंड तारातोर, चुरलेल्या सिरेने चीजने झाकलेले शोप्स्का सॅलड, तळलेल्या झुकिनीवर लसणाचे दही. ‘क्योपोलू’ हा भाजलेल्या वांग्याचा पदार्थ खाल्ल्यावर आमच्या सासूबाई म्हणाल्या होत्या की यात दाण्याचे कूट घातले की जळगावचे भरीत झाले.

सप्टेंबरात गेलात तर अंगणाअंगणात लाल मिरच्या भाजण्याचा वास सुटलेला असतो, कारण हिवाळ्यासाठी ल्युतेनित्सा ही मिरची-टोमॅटोची घट्ट चटणी करून बाटल्यांत भरण्याचे ते दिवस असतात. त्याच सुमारास द्राक्षांची तोडणी होते. गामझा ही उत्तर बल्गेरियातली जुनी द्राक्षाची जात असून तिची वाइन हलकी असते. ज्यांना घ्यायची ते घेतात.

उत्खनक

नोवे राहून गेले! गावाच्या पूर्वेला सुमारे चार किलोमीटरवर, वार्दिमच्या रस्त्याला लागून नदीच्या उंच काठावर ही रोमन छावणी आहे. पहिल्या शतकाच्या मध्यास इथे आठवी ऑगुस्ता ही लीजन (रोमन सैन्याची मोठी तुकडी) आली आणि इसवी सन ६९ नंतर पहिली इटालिका लीजन कायमची तळ ठोकून राहिली. म्हणजे साम्राज्याची सीमा सांभाळणारे पाच-सहा हजार सैनिक, त्यांचे कारागीर, व्यापारी आणि कुटुंबे असे एक पूर्ण शहरच इथे वसले होते. १९६० पासून बल्गेरियन आणि पोलिश पुरातत्त्वज्ञ मिळून इथे उत्खनन करत आहेत आणि ते अजूनही संपलेले नाही.

पाहताना तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे. एक, लीजनचे मुख्यालय, ज्याच्या देवघरात ध्वज आणि चिन्हे पूजेसाठी ठेवलेली असत. दुसरे, सैनिकी रुग्णालय: मधल्या चौकाभोवती खोल्यांच्या ओळी आणि चौकात आरोग्यदेवता एस्क्युलेपियस व हायजिया यांचे देवालय. युद्धात घायाळ झालेल्यांसाठी वेगळी इमारत, हवा खेळती राहावी अशी रचना आणि देव हाकेच्या अंतरावर, हा सगळा विचार जमिनीवर रेखलेला दिसतो. तिसरे, नंतरच्या काळातले बिशपांचे चर्च. पाचव्या शतकात ऑस्ट्रोगॉथ राजा थिओडोरिक याचा मुक्काम नोवे येथे होता आणि इसवी सन ४८८ मध्ये तो इटली जिंकायला निघाला.

भिंती बहुतेक ठिकाणी गुडघ्याएवढ्याच आहेत, म्हणून आधी थोडे वाचून जावे, नाहीतर दगडांच्या ओळी पाहून परत याल. सावली फारशी नाही. उन्हाळ्याच्या सुरुवातीला ‘डॅन्यूबवरचा गरुड’ नावाचा उत्सव होतो, त्यात रोमन पोशाखातली मंडळी कवायती करतात. मुलांना तो आवडतो, मला फार गोंगाटाचा वाटला.

नदीपार

सर्वांनी दूरचा भूतकाळ सांगितला, म्हणून जवळचा सांगतो. ४ मार्च १९७७ च्या रात्री रुमानियातील व्रांचा भागात मोठा भूकंप झाला. बुखारेस्टच्या हानीबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, पण नदीच्या या बाजूला सर्वाधिक फटका स्विश्तोवला बसला. इथल्या निवासी इमारती कोसळून शंभराहून अधिक माणसे दगावली. फिचेतोच्या चर्चलाही तेव्हा इजा झाली. गावात साठीच्या पुढच्या कोणाशी बोलणे झाले तर त्या रात्रीचा उल्लेख आपसूक येतो. आपण तो उकरून काढू नये, आला तर ऐकावा.

पश्चिमेला थोड्या अंतरावर बेलेने हे गाव आहे आणि त्याच्यासमोर पर्सिन हे डॅन्यूबमधले मोठे बेट. आज ते पर्सिना निसर्ग उद्यानाचा भाग आहे आणि पाणथळीतल्या पक्ष्यांसाठी ओळखले जाते. परंतु कम्युनिस्ट राजवटीत, १९४९ पासून १९५० च्या दशकाच्या अखेरपर्यंत, मधला काही काळ वगळता, राजकीय कैद्यांची श्रमछावणी याच बेटावर होती. बेटाचा काही भाग आजही तुरुंगाकडे आहे, त्यामुळे मनाला येईल तसे तिथे हिंडता येत नाही. पक्षी पाहायला जाणाऱ्यांनी उद्यानाच्या माहिती केंद्रात आधी चौकशी करावी.

लेकीची आई

माझी मुलगी प्लेवेनला वैद्यकीय शिक्षण घेते आणि मे महिन्यात तिला भेटायला जाण्याचा विचार आहे. प्लेवेनचे युद्धाचे भव्य गोलाकार चित्रदालन तिने पाहिले आहे. स्विश्तोवला ती कधी गेलेली नाही. प्लेवेनहून एक दिवसात जाऊन येणे शक्य आहे का, आणि मे महिना योग्य आहे का? येताना झिम्निचामार्गे बुखारेस्टला जाऊन विमान पकडावे असेही मनात आहे.

दूरवाट

ताई, प्लेवेन आणि स्विश्तोव ही जोडी तर इतिहासानेच लावून दिलेली आहे. १८७७ च्या जूनमध्ये ज्या सैन्याने स्विश्तोवला नदी ओलांडली, तेच पुढे जुलैपासून १० डिसेंबरपर्यंत प्लेवेनपुढे अडकून पडले होते. तुम्ही ते चित्रदालन आधी पाहा आणि मग नदीकाठी या, म्हणजे क्रम उलटा असला तरी संदर्भ लागेल.

एका दिवसात जाऊन येता येईल, मात्र आलेको यांचे घर, चर्च आणि नोवे या तिन्हींसाठी तो अपुरा पडतो. नोवेला गावातून टॅक्सीच करावी लागेल आणि परतीसाठी तिला थांबवून ठेवावे लागेल. माझा सल्ला असा की मुलीला घेऊन एक रात्र राहा. संग्रहालये आठवड्यातून एखादा दिवस बंद असतात आणि लहान गावात दुपारच्या जेवणाच्या वेळीही दार लावलेले असू शकते, म्हणून निघण्यापूर्वी मुलीकडून दूरध्वनी करवून घ्या. ती भाषा बोलू शकत असेल तर फार सोपे जाईल.

मे उत्तम आहे. लिंडेनची झाडे महिन्याच्या शेवटी फुलू लागतात आणि ऊन सोसवते. २४ मे हा सिरिल व मेथोडियस यांचा, म्हणजे अक्षरांचा आणि शिक्षणाचा राष्ट्रीय सण आहे. त्या दिवशी शाळांच्या मिरवणुका निघतात, आणि वर @दप्तरखाना यांनी सांगितलेला इतिहास पाहता तो सण साजरा होताना पाहायला याहून योग्य गाव थोडीच सापडतील. मात्र तो सुट्टीचा दिवस असल्यामुळे खोली आधी राखून ठेवावी. संध्याकाळी नदीकाठी डास असतात, मलम सोबत असू द्या.

झिम्निचाची फेरीबोट गाड्या आणि माणसे दोन्ही नेते. तिची वेळ आदल्या दिवशी बंदरावर जाऊन विचारावी आणि विमानाच्या दिवशी तिच्यावर विसंबू नये, कारण नदीचे पाणी, धुके आणि वाहनांची संख्या यांवर पुष्कळ काही अवलंबून असते. शिवाय झिम्निचाहून बुखारेस्टला जाण्याची सोय स्वतःच पाहावी लागते. या पट्ट्यात बल्गेरिया आणि रुमानिया यांना जोडणारे पूल दोनच आहेत: रुसेचा १९५४ चा आणि विदिनचा २०१३ चा. विमान चुकवायचे नसेल तर रुसेमार्गे बसने जा, आणि फेरीबोटीने नदी ओलांडण्याची हौस स्विश्तोवच्या मुक्कामातच, सामान खोलीवर ठेवून, जाऊन-येऊन भागवून घ्या.